तीनदा बत्ती

"जपून हं बाळा... सातवी पायरी आहे."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सहा वर्षांची होते. शेवटचा ऐकला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

मधली चव्वेचाळीस वर्षं त्या आवाजाची बाई या जगात नव्हती.

सांगतेय ते घडलेलं आहे. पटवून द्यायला माझ्याकडे फार काही नाही. बाबांच्या छातीचा एक एक्स-रे आहे, तो कपाटात वर ठेवलाय. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

आणि हे रात्री घडलं नाही. सात वर्षांपूर्वीचा रविवार, दुपारी तीनचा खेळ. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं. पण थिएटरला ऊन कुठे कळतं? दारं लावली की तिथे रात्रच.

हे थिएटर जुन्या बाजारात होतं. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीनचं दुकान. खाली चारशे खुर्च्या, वर दीडशे. माझे बाबा तिथे ऑपरेटर होते, म्हणजे सिनेमा दाखवणारे. वरच्या केबिनमध्ये दोन मशिनं. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, आणि खाली बसलेल्या एकालाही ते कळू द्यायचं नाही.

बाबा म्हणायचे, "माझं काम चोख झालं, तर मी तिथे नसतोच."

अंधारात लोकांना जागा दाखवायला एक बाई होती. हातात लांब पितळी बत्ती. सगळे तिला बत्तीमावशी म्हणायचे. मी बाबांचा डबा घेऊन गेले की ती माझं बोट धरायची, पायापुढे उजेडाचं एवढंसं वर्तुळ टाकायची आणि गुणगुणायची...

"सहा गं पायऱ्या, दिसती डोळ्याला,
सातवी पायरी, कळते पायाला."

बाल्कनीची सातवी पायरी खरंच इतरांपेक्षा उंच होती. तिथे भलेभले आपटले. मावशीचं बोट धरलेलं कुणी कधी आपटलं नाही.

मावशी आणि बाबा यांच्यात एक खूण ठरलेली होती. पुढचं सगळं त्या खुणेवर आहे, म्हणून नीट सांगते.

हॉलमध्ये काही बिनसलं, कुणी चक्कर येऊन पडलं, कुठे जळका वास आला, तर मावशी केबिनच्या दिशेने तीनदा बत्ती मारायची. म्हणजे खेळ थांबवा, दिवे लावा. बाबांनी ती पाहिली की मशीनच्या झोतासमोर एकदा हात आडवा घालायचा. पडदा क्षणभर काळा व्हायचा. पापणी लवावी तसा.

म्हणजे पाहिलं. आता थांबवतो.

ही उत्तराची खूण मावशीनेच मागून घेतली होती. मी समोर होते तेव्हा. केबिनच्या दारात कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "भाऊ, पाहिलंत एवढं कळवत जा. मग मी आरडाओरडा करत नाही. गप उभी राहते."

बाबा हसून म्हणाले होते, "आणि मी नाही थांबवलं तर?"

"तर तुमच्या डोळ्यांत बत्ती मारीन."

दोघंही हसले होते. मीही हसले होते.

मी सात वर्षांची असताना बत्तीमावशी गेली. बाबांनी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली आणि गिरणीत कामाला लागले. मावशी कशी गेली, ते आमच्या घरात कुणी बोललं नाही. एवढंच झालं, की आमच्या घरातले दिवे विझायचे बंद झाले. बाबा झोपायचे तेसुद्धा खोलीत दिवा लावून. आई म्हणायची, "आमच्याकडे रात्र होतच नाही. माझ्या झोपेला कायमची सुट्टी."

आई गेली. दिवा तसाच राहिला.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. थिएटर पाडायचं ठरलं तेव्हा नव्या मालकाने शेवटच्या खेळाला वाटायला एक पुस्तिका काढायचं ठरवलं. थिएटरचा इतिहास. छपाई आमच्याकडे आली. आमचे साहेब म्हणाले, "तुझे वडील तिथेच होते ना? मग तूच लिही."

मी गेटवाल्या काकांना गाठलं. पन्नास वर्षं गेटवर तिकिटं फाडलेला माणूस. दात चार उरले होते, पण जीभ शाबूत.

"इतिहास कशाचा लिहितेस, पोरी? ढेकणांचा लिही. इथले सगळ्यात जुने सभासद तेच."

"काका, बत्तीमावशीचं सांगा ना."

त्यांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"बापाला विचार."

"बाबा बोलत नाहीत."

"बोलणार कसे..." ते म्हणाले. कप खाली ठेवला. आणि मग सांगितलं.

पडद्यामागे एक अरुंद बोळ होता. तिथे भिंतीएवढे कर्णे असायचे, सिनेमाचा आवाज तिथूनच यायचा. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, आवाज त्यातून हॉलमध्ये येतो. त्या बोळाला एकच दार होतं, बाहेर गल्लीत उघडणारं. तिकिटाशिवाय लोक तिथून आत घुसायचे. म्हणून मॅनेजरचा नियम होता, खेळ सुरू झाला की त्या दाराला बाहेरून कुलूप. किल्ली मॅनेजरच्या खिशात.

त्या दुपारी मावशीला जळका वास आला. वायरींचा. ती बघायला मागे गेली.

मॅनेजरला त्या दिवशी कुलूप लावायला उशीर झाला होता, तो घाईत आला. आत डोकावलासुद्धा नाही. कुलूप लावलं आणि ऑफिसात जाऊन बसला.

"धूर कोंडला," काका म्हणाले. "ओरडली असेल. पण कर्ण्यांच्या शेजारी उभं राहून ओरडलीस, तर तुझं तुला ऐकू येत नाही. मध्यंतराला मॅनेजर दार उघडायला गेला, तेव्हा ती पडद्याला पाठ टेकून बसलेली. बत्ती मांडीवर."

"मग?"

"मग काय? त्याने आधी कुलूप काढून लपवलं, मग लोकांना बोलावलं. दार उघडंच होतं म्हणाला. बाईचं हृदय कमजोर होतं म्हणाला. पोलिसांनी तुझ्या बाबांना विचारलं, पडद्यामागून बत्तीची खूण आली होती का? ते म्हणाले, मला काही दिसलं नाही. झालं. फाइल बंद."

मी लिहीत होते. 

"आता पुढचं ऐक. हे छापू नकोस." काका पुढे वाकले. "पडदा नवा आणला. महिन्याभरात त्यावर डाग उठला. खाली, डाव्या कोपऱ्यात. गोल, तपकिरी, बत्तीच्या काचेएवढा. तो पडदा काढला, दुसरा लावला. पुन्हा तिथेच. तिसऱ्यालाही."

"ओल असेल."

"असेल. आणि मॅनेजर?"

मॅनेजर त्यानंतर अकरा वर्षं जगला. एका दुपारच्या खेळाला दिसेनासा झाला. मध्यंतराला शोधाशोध झाली. तो पडद्यामागच्या बोळात सापडला. मेलेला. तोंड उघडं, नखं तुटलेली.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

किल्ली त्याच्याच मुठीत होती.

"त्या दिवशी पडद्यावर बत्ती दिसली नाही," काका म्हणाले. "त्याच्याजवळ बत्ती कुठे होती?"

मी वही मिटली. काकांनी माझ्या मनगटाला हात लावला.

"बाबांना इकडे आणू नकोस. मी झाडायला जातो ना, तेव्हा पडद्यामागून कधी कधी विचारतं कुणीतरी... 'भाऊ आले का?'"

मी हसले. खरंच हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

कारण मालकाला शेवटचा खेळ जुन्या मशीनवर, खऱ्या रिळांवरच करायचा होता. आणि ती मशिनं चालवू शकणारा एकच माणूस शहरात उरला होता.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे होते. मी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. दुसऱ्यांदाही नाही. मी हट्ट धरला. म्हटलं, तुमचं नाव छापून येईल, लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. मला वाटत होतं, मी त्यांना काहीतरी परत देतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून म्हणाले, "येतो."

"काय झालं एकदम?"

ते पलंगासमोरच्या भिंतीच्या खालच्या, डाव्या कोपऱ्याकडे बघत होते.

"जाऊन आलेलं बरं," एवढंच बोलले.

रविवारी तीनला हॉल भरला. म्हातारी जोडपी, त्यांची नातवंडं. काका गेटवर होते. बाबांना बघून त्यांनी मान खाली घातली. माझ्या मोबाइलची बॅटरी उतरली होती, तो मी त्यांच्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि बाबांना घेऊन वर गेले.

केबिनचं लोखंडी दार मी ओढून घेतलं. कडी लावली नाही. कडी बाहेरच्या बाजूला होती आणि गंजून जाम झालेली. मी मुद्दाम हलवून पाहिली होती. हलली नव्हती.

बाबांचे हात थरथरत होते, पण मशीनला लागताच शांत झाले. आंधळ्याने आपल्या लेकराचा चेहरा चाचपावा, तशी त्यांची बोटं चाकांवरून फिरली. त्यांनी रीळ चढवलं. झोत पडला. खाली टाळ्या वाजल्या.

पहिलं रीळ नीट गेलं. दुसरंही. बाबा एकदा हसलेसुद्धा. मला वाटलं, बरं झालं आणलं.

तिसरं रीळ सुरू झालं.

पडद्यावर एक बाई खिडकीत उभी राहून पत्र वाचत होती. शांत प्रसंग होता. आणि खाली, डाव्या कोपऱ्यात...

एक गोल उजेड लागला. विझला.

पुन्हा लागला. विझला.

पुन्हा.

"बाबा, फिल्म खराब आहे का?"

 ते केबिनच्या काचेतून पडद्याकडे बघत होते. चेहरा विटेसारखा कोरडा.

"बाबा, तुम्हाला दिसलं?"

"मला काही दिसलं नाही."

अगदी त्याच शब्दांत. पोलिसांना सांगितलं होतं, त्याच.

पुन्हा उजेड लागला. एक... दोन... तीन...

या वेळी तो फिल्ममधला नव्हता, हे मला स्पष्ट कळलं. तो पडद्याच्या मागून येत होता. त्या बारीक भोकांमधून चाळल्यासारखा.

आणि मग वास आला. जळक्या वायरींचा.

पडद्याकडून नाही.

केबिनमध्ये. आमच्या पायांशी.

"बाबा, मशीन बंद करा."

त्यांनी बटण दाबलं. मशीन थांबलं नाही. मी भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. केबिनमधला दिवा गेला. मशीन तसंच फिरत राहिलं, झोत तसाच जळत राहिला.

मी दाराकडे धावले.

त्याच वेळी दाराच्या पलीकडे... कडी सरकली.

सावकाश. तेल घातल्यासारखी.

मी दार बडवलं. ओरडले. पण केबिनमध्येही एक छोटा कर्णा असतो, ऑपरेटरला आवाज कळावा म्हणून. तो आपोआप मोठा होत गेला. इतका, की माझं ओरडणं मलाच ऐकू येईना.

धूर गुडघ्यापर्यंत आला होता. बाबा स्टुलावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर. उठायचा प्रयत्नसुद्धा नाही. आत बोलावणं येईपर्यंत कुणाच्या तरी दारात बसावं, तसे.

तेव्हा मला खिळ्याला लटकलेली बत्ती दिसली. लांब, पितळी. वाटलं, काकांनी ठेवली असेल. मी ती काढली, काचेशी गेले आणि खालच्या अंधारात मारली.

एक. दोन. तीन.

पुन्हा तीनदा. पुन्हा.

कुणीही मागे वळून बघेना. साडेपाचशे माणसं, आणि साडेपाचशे डोक्यांच्या मागच्या बाजू.

आणि मग... पडदा काळा झाला.

क्षणभरच. पापणी लवावी तसा. लगेच चित्र परत आलं.

मी वळून बाबांकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवरच होते. झोतासमोर कुणीही नव्हतं.

पण माझा जीव भांड्यात पडला. काय सांगू तुम्हाला, इतकं हायसं वाटलं. लहानपणापासून ती खूण माझ्या रक्तात होती. पाहिलं. आता थांबवतो.

"बाबा, उत्तर आलं," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "कुणीतरी पाहिलंय. आता येतील."

मी दार बडवायचं थांबवलं. तोंडाला रुमाल लावून बाबांच्या पायाशी बसले. येतील. आता येतील.

बाबा माझ्याकडे बघत होते. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. मला वाटलं ते घाबरलेत. ते घाबरले नव्हते. ते मला वाट बघताना बघत होते.

कुणीही आलं नाही.

एक मिनिट. तीन. पाच. मशीनवरचं घड्याळ धुरातही दिसत होतं. बाबांची मान कलली. मी त्यांना हलवत राहिले आणि वाट बघत राहिले. मूर्खासारखी.

अकराव्या मिनिटाला रीळ संपलं. मध्यंतर झालं. हॉलमध्ये दिवे लागले.

दार आपोआप उघडलं.

मी बाबांना बगलेत धरून जिन्याकडे ओढलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, नुसतं पाणी. पाय टाकणार, तोच कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं...

"जपून हं बाळा... सातवी पायरी आहे."

मी पाय आवरला. खरंच सातवी होती. मी पडले नाही.

पण बाबा माझ्या हातून सुटले. कुणीतरी दुसऱ्या बाजूने अलगद सोडवून घ्यावेत, तसे सुटले.

काका पहिले धावत आले. त्यांना धूर दिसला नाही. कुणालाच नाही. केबिनमध्ये एक वायरसुद्धा जळलेली नव्हती. दाराची कडी गंजून जाम, हातोडीने ठोकूनही हलेना. माझ्या कपड्यांना कसलाही वास नव्हता.

मी म्हटलं, "काका, तुम्ही ठेवलेली बत्ती..."

"मी कुठली बत्ती ठेवली?"

बत्ती माझ्या हातात होती. त्यांनी तिचं मागचं झाकण फिरवून काढलं. आत सेल नव्हते. गंजलेली स्प्रिंग होती फक्त.

जिन्यावरून पडूनही बाबांना साधं खरचटलं नव्हतं. पण डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला लावला आणि मला विचारलं, "घराला आग लागली होती का? छाती धुराने भरलीय."

बाबा नऊ दिवस काढू शकले.

थिएटर आता नाही. तिथे गाड्या लावतात. डाव्या बाजूच्या कोपऱ्यात कुणी गाडी लावत नाही, का ते कुणालाच सांगता येत नाही. काकाही गेले. पुस्तिका छापली गेली. तिच्यात सगळं आहे, पहिला खेळ, खुर्च्या, पडदे, अगदी ढेकूणसुद्धा. बत्तीमावशीवर एक ओळ आहे, 'कर्तव्य बजावत असताना निधन.' ती ओळ मीच लिहिली, मुद्रितही मीच तपासलं, आणि तशीच जाऊ दिली.

मी दिवा लावून झोपते आता. तरीही कधी कधी खोली क्षणभर काळी होते. एकदाच. पापणी लवावी तशी. कुणीतरी मला कळवतंय, पाहिलं म्हणून. मी काय मागितलं होतं, आणि ते कधी थांबणार आहे, मला माहीत नाही.

नवव्या दिवशी दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं.

"दिवा घालव," म्हणाले.

चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी खटका खाली केला, पडदे ओढले. खोलीत अंधार झाला. अंधारात त्यांचा श्वास तेवढा वाजत होता, रीळ संपल्यावर सुटं टोक फटफटतं तसा.

"मला दिसली होती," ते म्हणाले. "पडद्यावर. खाली, डावीकडे. तीनदा."

"माहितीय, बाबा. मला कळलं होतं."

"तुला नाही माहीत." ते दम घेत थांबले. "पंधरा दिवस आधी तिच्या खुणेवर मी खेळ थांबवला होता. काहीच नव्हतं तेव्हा. लोकांनी खुर्च्या फाडल्या. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, पुन्हा मशीन थांबलं तर घरी जा. तू लहान होतीस. तुझी आई आजारी होती. मध्यंतराला अकरा मिनिटं राहिली होती, पोरी. म्हटलं, अकरा मिनिटांनी काय होतंय..."

"असू दे, बाबा. घाबरलात तुम्ही. दिसूनही गप्प राहिलात, एवढंच ना?"

"गप्प राहिलो असतो, तर ती ओरडत राहिली असती. पडदा फाडून बाहेर आली असती. नखांनी फाटतो तो."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. मग सोडला. आणि आपला हात अंधारात वर उचलून, नसलेल्या झोतासमोर, सावकाश आडवा धरला.

"मी उत्तर दिलं होतं."